मोरीचा सूड आणि माणसाचा बहिरेपणा

आपल्या किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाला मोरीचे भय वाटावे असे काही नाही. मडगाव-म्हापशाच्या बाजारात पाटीत पडलेली मोरी त्याने लहानपणापासून पाहिलेली असते. तिचे आंबट-तीख त्याच्या घरात शिजलेले असते, आणि बाळंतिणीला मोरी खाऊ घातली म्हणजे अंगावर दूध येते, ही आजीची समजूत त्याने ऐकलेली असते. मालवण-रत्नागिरीकडे हिलाच मुशी म्हणतात. मात्र याच मोरीचे एक थोरले भावंड ‘शार्क’ या नावाने पडद्यावर आले आणि जगभरच्या माणसांना गुडघाभर पाण्यातही पाऊल टाकण्याची धास्ती वाटू लागली. २० जून १९७५ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या ‘जॉज’ या चित्रपटाचा तो प्रताप. २०२५ च्या जूनमध्ये त्याला पन्नास वर्षे पूर्ण झाली. भयकथा म्हणून त्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे व त्यात भर घालण्याचा आमचा हेतू नाही. या कथेत भय नेमके कोणाचे बाळगावे, हा प्रश्न मात्र किनाऱ्यावर राहणाऱ्या आपणा सर्वांना लागू पडणारा आहे आणि त्याचे उत्तर जगाने बहुतांशी चुकीचे काढले, असे आमचे मत आहे.

मूळ कादंबरी पीटर बेंचली या अमेरिकन लेखकाची. ती १९७४ च्या आरंभी प्रसिद्ध झाली. तिच्यावरून चित्रपट काढणारा दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग चित्रीकरणाच्या वेळी अवघा सत्तावीस वर्षांचा होता. मॅसॅच्युसेट्स राज्यातील मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर, खऱ्या समुद्रात, त्याने चित्रीकरण केले. त्यासाठी बनवलेला यांत्रिक मासा खाऱ्या पाण्यात वरचेवर नादुरुस्त होई. त्यामुळे मासा न दाखवता केवळ पाण्यावर तरंगणारी पिंपे आणि जॉन विल्यम्स यांचे संगीत यांवर भय उभे करणे त्याला भाग पडले. न दिसणाऱ्या संकटाची भीती दिसणाऱ्या संकटाहून मोठी असते, हे त्या अडचणीनेच त्याला शिकवले. त्या काळापर्यंतच्या कोणत्याही चित्रपटाहून अधिक पैसा त्याने मिळवला.

परंतु कथेचा गाभा माशात नाही, तो नगरपालिकेच्या कचेरीत आहे. अ‍ॅमिटी नावाच्या कल्पित गावाचे पोट उन्हाळी पाहुण्यांवर चालते. ४ जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन आठवड्यावर आलेला असतो. अशा वेळी एका तरुणीच्या देहाचे अवशेष वाळूत सापडतात. पोलीसप्रमुख ब्रॉडी किनारा बंद करायला निघतो, तो गावचा नगराध्यक्ष व्हॉन त्याला वाटेतच गाठतो. शार्कने मारले असा निर्वाळा देणारा वैद्यकीय अधिकारी एका बैठकीत आपले मत फिरवतो, आणि ‘नौकेच्या पंख्याने झालेला अपघात’ अशी नोंद कागदावर चढते. किनारा खुला राहतो. काही दिवसांतच एक लहान मुलगा सर्वांच्या देखत नाहीसा होतो.

यानंतर तरी डोळे उघडावेत की नाही? त्या मुलाची आई तीन हजार डॉलरचे बक्षीस लावते, हौशे-नवशे शिकारी कुठलासा वाघ-शार्क मारून धक्क्यावर टांगतात आणि नगराध्यक्ष संकट टळल्याचे जाहीर करून टाकतो. समुद्रशास्त्रज्ञ हूपर सांगतो की, हा तो मासा नव्हे. त्याचे पोट फाडून पाहिले, तर आत माणसाच्या देहाचा अंशही नाही. हेही कोणी ऐकत नाही. स्वातंत्र्यदिनी पाण्यात उतरायला माणसे कचरतात, तेव्हा नगराध्यक्ष आपल्या एका परिचिताला बायकामुलांसह पाण्यात शिरण्याची गळ घालतो. त्याच दिवशी आणखी एकाचा बळी जातो. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे. ती त्या नगराध्यक्षाला कोणी सांगितली नसावी.

या कथेत वृत्तपत्रालाही वाटा आहे, आणि आम्ही तो लपवू इच्छित नाही. बेंचलीच्या कादंबरीत गावच्या वृत्तपत्राचा संपादक पहिल्या मृत्यूची बातमी दडपतो. तो दुष्ट नाही. हंगाम बुडाला तर जाहिरातदार बुडतील, आणि जाहिरातदार बुडाले तर पत्र बुडेल, एवढा साधा हिशेब त्याने केलेला असतो. किनाऱ्यावरच्या प्रत्येक संपादकाने ती पाने एकदा तरी स्वतःकडे बोट करून वाचावीत. धोक्याची बातमी छापली तर ‘पर्यटनाची बदनामी’, न छापली तर कोणाच्या तरी पोराचा जीव, अशा पेचात आमच्या व्यवसायातील माणसे अधूनमधून सापडतात, आणि त्यांचा कौल दर वेळी योग्य बाजूने पडतोच असे म्हणण्याची आमची छाती नाही.

ही केवळ लेखकाची कल्पना आहे, असेही कोणी समजू नये. १९१६ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या न्यू जर्सी किनाऱ्यावर बारा दिवसांत शार्कच्या हल्ल्यांत चार माणसे दगावली. पहिला बळी १ जुलैला, दुसरा ६ जुलैला गेला. उत्तरेकडच्या थंड पाण्यात शार्क माणसावर हल्ला करीतच नाही, असे त्या काळच्या विद्वानांचे ठाम मत होते. १८९१ साली एका धनिकाने असा हल्ला सिद्ध करणाऱ्यास ५०० डॉलर देऊ केले होते व ते कोणी नेले नव्हते, हाही एक पुरावा मानला जाई. मग १२ जुलैला मटावान या गावी, खुल्या समुद्रापासून कित्येक मैल आत शिरलेल्या एका अरुंद खाडीत, पुलावरून जाणाऱ्या एका निवृत्त तांडेलाने प्रवाहाविरुद्ध वर सरकणारा मोठा मासा पाहिला. तो धावत गावात गेला आणि लोकांना सावध करू लागला. लोक हसले. खाडीत शार्क कसा येईल? म्हाताऱ्याला उन्हाने भ्रम झाला असेल! थोड्याच वेळात खाडीत पोहणाऱ्या मुलांपैकी एक पाण्याखाली ओढला गेला, आणि त्याचा देह काढण्यासाठी उतरलेला तरुणही प्राणास मुकला. ज्याने आयुष्य समुद्रावर काढले त्याच्या डोळ्यांवर गावाने विश्वास ठेवला नाही. ज्यांनी शार्कविषयी ग्रंथ वाचले होते त्यांच्यावर ठेवला. हा अनुभव आपल्या खारव्यांना आणि गाबितांना नवा वाटणार नाही.

आता सुडाकडे वळू. अ‍ॅमिटीच्या कथेत सूड उगवणारा एक माणूस आहे, तो म्हणजे शिकारी क्विंट. ३० जुलै १९४५ रोजी जपानी पाणबुडीने बुडवलेल्या ‘इंडियानापोलिस’ या अमेरिकन युद्धनौकेवरील तो एक खलाशी, असे चित्रपटात दाखवले आहे. क्विंट काल्पनिक असला, तरी ती नौका खरी होती. तिच्यावर सुमारे बाराशे माणसे होती. त्यांतली ३१६ वाचली. त्या मार्गावर शत्रूच्या पाणबुड्यांचा वावर असल्याची गुप्त माहिती वरिष्ठांकडे होती, ती नौकेच्या कप्तानाला देण्यात आली नाही. सोबतीला संरक्षक नौका त्याने मागितली, तीही नाकारली गेली. नौका ठरल्या वेळी बंदराला लागली नाही, तेव्हा कोणी चौकशी केली नाही. चौथ्या दिवशी एका वैमानिकाची नजर योगायोगाने पाण्यावरच्या माणसांवर पडली, म्हणून काहींचे प्राण वाचले. तोवर तहान, ऊन, जखमा आणि शार्क यांनी शेकडोंचा घास घेतला होता. दोष कोणाच्या माथी मारला गेला? कप्तान मॅक्व्हे यांच्या. नागमोडी मार्गाने नौका न हाकारल्याबद्दल लष्करी न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. ज्याने ती नौका बुडवली त्या जपानी पाणबुडीच्या प्रमुखाने स्वतः साक्ष दिली होती की, नौका नागमोडी गेली असती तरी परिणाम तोच झाला असता. मॅक्व्हे यांनी १९६८ साली आत्महत्या केली. अमेरिकन काँग्रेसने त्यांना निर्दोष ठरवणारा ठराव केला तो २००० साली. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची रीत काही एकाच देशाची मिरासदारी नव्हे.

त्या पाण्यातून बाहेर आलेला क्विंट शार्क जातीवरच डूख धरून बसलेला असतो, आणि येथेच चित्रपटाने फार मोलाची गोष्ट सांगितली आहे. ब्रॉडी तटरक्षक दलाला मदतीसाठी हाक मारू पाहतो, तो क्विंट बिनतारी यंत्रच फोडून टाकतो. इंजिनावर इतका ताण टाकू नकोस, असे हूपर बजावत असतो. क्विंट नौका तशीच दामटतो, इंजिन जळून बंद पडते आणि शेवटी तो स्वतःच माशाच्या तोंडी जातो. नगराध्यक्षाने इशारा ऐकला नाही तो पैशासाठी. क्विंटने ऐकला नाही तो सुडासाठी. लोभ आणि सूड दिसायला परस्परविरुद्ध. एक हसतमुख, एक दात-ओठ खाणारा. परंतु दोघांचे कान सारखेच बंद असतात. सबंध कथेत ऐकून घेण्याची तयारी असलेला माणूस एकच, पाण्याला भिणारा ब्रॉडी. मुलाची आई भर गर्दीत त्याच्या थोबाडीत मारते. पहिल्या मृत्यूची माहिती असूनही किनारा का खुला ठेवला, असे ती विचारते. तो मान खाली घालतो, आणि तिचे म्हणणे खरे आहे असे कबूल करतो. आमच्या मते सबंध चित्रपटातील हा सर्वांत भयंकर प्रसंग आहे, आणि त्यात मासा कुठेही नाही.

पुढच्या चित्रपटांनी हे सारे धुऊन टाकले. १९७८ च्या दुसऱ्या भागात तोच नगराध्यक्ष आपल्या खुर्चीवर कायम असतो, आणि पुन्हा इशारा देणाऱ्या ब्रॉडीला मात्र नगरसमिती नोकरीवरून काढते. येथवर निदान जगाची रीत तरी खरी रंगवली होती. १९८७ साली ‘जॉज : द रिव्हेंज’ आला, तेव्हा ब्रॉडी निवर्तलेला असतो, आणि एक शार्क त्याच्या कुटुंबाचा सूड घ्यायला निघतो! धाकट्या मुलाला तो नाताळच्या दिवसांत मारतो, आणि विधवा आई थोरल्या मुलाकडे बहामा बेटांवर जाते, तर तेथेही तिच्या मागे पोहोचतो. चित्रपट सपशेल पडला, तो योग्यच झाले. त्याची खरी चूक मात्र असंभाव्यतेत नाही. मासा सूड घेतो असे एकदा मानले की नगराध्यक्षाची गरजच उरत नाही. कागदावरची खोटी नोंद, दडपलेली बातमी, खुला ठेवलेला किनारा, हे सगळे विरून जाते आणि उरतो तो केवळ एक दुष्ट प्राणी. माणसाचा गुन्हा जनावराच्या नावावर चढवण्याची ही सोय फार जुनी आहे.

किती जुनी, ते महाभारताचे आदिपर्व सांगते. परीक्षित राजाने ध्यानस्थ ऋषीच्या गळ्यात मेलेला साप अडकवला. शाप मिळाला, तक्षकाने दंश केला, राजा गेला. पुढे जनमेजयाने बापाच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी सर्पसत्र मांडले. दंश केला तक्षकाने, पण कुंडात पडले ते हजारो निरपराध सर्प. आणि तक्षक स्वतः इंद्राच्या आश्रयाला जाऊन बसला. शेवटी आस्तिक या तरुण ऋषीने राजाकडे वर मागून ते सत्र थांबवले आणि तक्षकही वाचला. मूळ अपराध राजाच्या हातून घडला होता, हे त्या यज्ञमंडपात बसलेल्या कोणाला आठवले असेल काय? जनमेजयाला आपण दोष देतो, पण ‘जॉज’नंतर जगाने समुद्रात तेच सत्र मांडले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शार्क मारण्याच्या स्पर्धांना ऊत आला. मारलेला मासा टांगून शेजारी उभे राहणे पुरुषार्थाचे लक्षण ठरले. त्याहून कितीतरी मोठा संहार व्यापारी जाळ्यांनी आणि परांच्या व्यापाराने केला, हे खरे. परंतु ज्या प्राण्याविषयी लोकांच्या मनात केवळ दहशत आहे, त्याच्या संहाराबद्दल हळहळणार कोण?

आकडे पाहिले म्हणजे लाज वाटते. जगभरात शार्कने माणसावर आपण होऊन केलेले हल्ले वर्षाला सरासरी साठ-सत्तर, आणि त्यांत मृत्यू पाच-सहा. उलट, माणसाच्या हातून वर्षाला सुमारे दहा कोटी शार्क मरतात, असा अंदाज २०१३ साली संशोधकांनी मांडला. १९७० पासूनच्या पन्नास वर्षांत खोल समुद्रातील शार्क व पाकट यांची संख्या सुमारे ७१ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पांढऱ्या शार्कच्या मादीला वयात यायला सुमारे तीस वर्षे लागतात आणि एका वेळी तिला मोजकीच पिले होतात. तारल्या-बांगड्याप्रमाणे तो मासा भरभर वाढत नाही. कादंबरीकार बेंचलीला याची जाणीव झाली. आज जे ज्ञात आहे ते तेव्हा ठाऊक असते, तर आपण ही कादंबरी लिहिली नसती, अशा अर्थाचे त्याने पुढे बोलून दाखवले, आणि २००६ साली मृत्यू येईपर्यंतची कित्येक वर्षे समुद्ररक्षणाच्या कामाला दिली. स्पीलबर्गनेही २०२२ साली शार्कच्या संहाराबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. आपल्या सरकारने २००१ साली व्हेल शार्कला वाघाच्या पंक्तीचे कायदेशीर संरक्षण दिले, आणि २०१५ साली शार्कच्या परांच्या निर्यातीवर बंदी घातली. म्हणजे आस्तिक अधूनमधून जन्मतो. पण तोवर कुंडात बरीच आहुती पडलेली असते.

इशारा आणि सूड यांच्यापलीकडची वाट आहे की नाही? आहे, आणि ती जेथे हा चित्रपट चित्रित झाला त्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात सापडते. १९७२ च्या कायद्याने तेथील सील प्राण्यांना संरक्षण मिळाले, त्यांची संख्या वाढली, आणि त्यांच्या मागोमाग पांढरे शार्क केप कॉडच्या किनाऱ्याला परतले. सप्टेंबर २०१८ मध्ये एक तरुण हल्ल्यात मृत्यू पावला. त्या राज्यात १९३६ नंतरचा शार्कचा तो पहिला बळी. या वेळी कोणी कागद बदलला नाही. शार्कच्या अंगावर खुणेची यंत्रे बसवून त्यांच्या हालचालींची वर्दी मिळवण्याचे काम वाढवण्यात आले, किनाऱ्यावर शार्कचे चित्र असलेले जांभळे बावटे फडकतात, मासा जवळ दिसला की लोकांना पाण्याबाहेर काढले जाते. पाहुणे तरीही येतात. खरे बोलल्याने धंदा बुडतो, ही व्हॉन नगराध्यक्षाची भीती तेथेच खोटी ठरली. आणि सुडाचे सत्रही तेथे मांडले गेले नाही.

आपल्या किनाऱ्याची गोष्ट यापेक्षा निराळी नाही, फक्त आपल्याकडे मासा नाही. आपल्याकडे पावसाळी समुद्र आहे. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षक नेमलेले आहेत, लाल बावटे लावले जातात, शिट्ट्या फुंकल्या जातात. तरीही फेसाळ लाटांत उतरून जीव गमावणारे निघतात. नंतर लोक म्हणतात, ‘समुद्राने बळी घेतला.’ समुद्र कोणाचाही बळी घेत नाही. त्याला राग नाही, लोभ नाही, आठवणही नाही. हे आपल्या वाडवडिलांना पक्के ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी त्याच्याशी वैर न मांडता मर्यादा आखून घेतली. पावसाळ्यात होड्या वर ओढून झापांनी शाकारायच्या, नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करायचा, मगच जाळे टाकायचे. आज १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद ठेवणारा सरकारी नियमही त्याच शहाणपणाचा धाकटा भाऊ होय. बंदरावर बावटा चढला की तांडेल नांगर टाकतो. त्याला कोणी भित्रा म्हणत नाही.

तेव्हा हा चित्रपट पुन्हा कोठे दाखवला गेला, तर आमच्या वाचकांनी तो अवश्य पाहावा. फक्त नजर पाण्यावर न ठेवता धक्क्यावर ठेवावी. कोण काय लपवतो आहे, कोण काय ऐकून घेत नाही आहे, आणि सावध करणाऱ्या माणसाला गाव कसे वागवते आहे, हे पाहावे. विदुराचे कोणी ऐकले नाही म्हणून कुरुक्षेत्र घडले, हे आपण कीर्तनात माना डोलवून ऐकतो. पण आपल्या गावचा विदुर पंचायतीच्या सभेत उभा राहिला की त्याला खाली बसवायला आपणच पुढे असतो. मोरी बिचारी पाण्यात आपल्या भुकेपुरते जगत असते. तिला सूड ठाऊक नाही, आणि इशारा देणेही तिच्या हाती नाही. ती दोन्ही कामे माणसांची आहेत. त्यांतले पहिले आपण आवडीने करतो. दुसरे कोणी केले, तर निदान ऐकून घ्यावे, एवढेच आमचे मागणे आहे.